सुई मधोमध

शिरड शहापूर
९ डिसेंबर २०२४

सोमेश्वरभाऊ,

सलाम. मी गौसिया, अफरोज फोटोवाल्याची घरवाली. तुमी मला शेवटचं पाहिलं तवा आमचा कय्युम शाळेत होता. आता तो नांदेडला नौकरीला हाय, त्याची बायको आफिफा माझ्याजवळ राहती. तुमचा गोरेगावचा पत्ता ह्यांच्या जुन्या वहीत सापडला.

खबर वाईट हाय. हे गेले. दहा नोव्हेंबरला, दुकानात, बसल्या जागी. गिऱ्हाईकाला म्हणले, "हनुवटी जरा खाली घ्या," अन् ह्यांचीच मान खाली गेली. कय्युमनं तुमाला फोन लावला होता. तुमी दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणलात अन् ठेवून दिला. मंग ध्यानात आलं की तुमाला आता ऐकू येत न्हाई. म्हणून पत्र.

काम असं हाय. मागच्या उन्हाळ्यापासून ह्यांनी तुमच्या दोघांच्या बाळापूरच्या स्टुडिओतला रिळाचा कॅमेरा पुन्हा बाहेर काढला होता. दर जुम्म्याला नमाज झाली की गळ्यात घालून शेताकडं जायचे. आठवड्यात तेवढीच दुपार दुकान बंद, अन् तेवढ्याच दुपारी हे घराबाहेर! मी गच्चीवर कपडे वाळू घालत ह्यांच्या नावानं बोटं मोडायची. आल्यावर विचारलं, "काय काढलं?" तर म्हणायचे, "काळं." बस्स, तेवढंच.

जायच्या दोन दिवस आधी म्हणले, रीळ पुरं झालं. ते रीळ आता सापडून न्हाई राहिलं. तुमच्याकडं धुवायला पाठवलं होतं का? कय्युम म्हणतो, अम्मी, एका रिळासाठी काहून जीव टाकून राहिली. पण ते ह्यांचं शेवटचं हाय भाऊ. मला ते पायजे.

मी इद्दतीत हाय. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा न्हाई. खोली, अंगण अन् गच्ची. पहिले चाळीस दिवस माणसांची रीघ असती म्हणतात. आमच्याकडं ती वीस दिवसांतच सरली.

गौसिया


गोरेगाव, ता. सेनगाव
१७ डिसेंबर २०२४

गौसियाभाभी,

पत्र वाचलं आणि दिवसभर चूल पेटवली नाही. अफरोज माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. रांगेत मी पुढे होतो, हा मध्येच कसा घुसला?

त्या फोनची मला लाज वाटते. आमच्या लेकीनं, प्रियंकानं, पुण्याहून कानाचं मशीन पाठवलंय, ते कपाटात आहे. घातलं की पंख्याचा आवाज येतो आणि माणूस मात्र एकही बोलत नाही. तुमच्या वहिनी, म्हणजे आमच्या गोजरबाई, जाऊन सहा वर्षं झाली. मग घालून ऐकायचं तरी कुणाचं?

रिळाचं म्हणाल तर माझ्याकडे काही आलेलं नाही. त्यानं माझ्याकडे पाठवलंही नसतं. आमचं येणं-जाणं कमी झालं होतं, इतकंच.

घरात शोधा. रीळ माणूस थंड जागी ठेवतो. फ्रिजच्या दारात बघा, चहा-साखरेच्या डब्यांमागे बघा, त्याच्या कोटाच्या खिशात बघा. सापडलं तर उघडू नका, उन्हात धरू नका, मला पाठवा. माझी डार्क रूम म्हणजे न्हाणीघर आहे, पण अजून चालतं. पदरमोड करून धुऊन देईन.

तुमचा
सोमेश्वर


शिरड शहापूर
२८ डिसेंबर २०२४

सोमेश्वरभाऊ,

सगळं घर उलथं केलं. फ्रिज, डबे, कोट, दुकानाचे खण. आफिफानं पिठाचा डबा सुद्धा चाळला. ते रीळ न्हाई.

कॅमेऱ्याच्या पिशवीत एक रीळ भेटलं, पण ते कोरं हाय. त्याची जीभ, म्हंजी फिल्मचं टोक, बाहेर हाय. वीस वर्षं दुकानात चहा नेऊन दिलाय मी, तेवढं कळतं. गिऱ्हाईक काढलेलं रीळ घेऊन यायचं, त्याची जीभ सगळी आत गेलेली असायची. कोऱ्याचीच बाहेर. ह्या बिचाऱ्याचं टोक उंदरानं कुरतडल्यावाणी झालंय, बाकी चांगलं हाय.

मंग रात्रभर न्हाई, पण दुपारभर विचार केला. सांगू का? हसू नका. कय्युम कॅमेरा विकायचं म्हणून राहिला. विकायच्या आधी हे कोरं रीळ मला काढायचंय. हे दर जुम्म्याला काय "काळं" काढत होते ते त्यांचं रीळ सांगणार न्हाई, तर मीच बघते. गच्चीवरून शेतं दिसतात. शेजारच्या संतरामची हळद दिसती, त्याची विहीर दिसती, पलीकडं काळं रान हाय पार नाल्यापोतर. दिवस खायला उठतो भाऊ. आफिफा तिच्या मोबाईलमधी, मी भिंतीमधी.

शिकवा मला. दहावी झालेय मी, आकडे वाचता येतात. पत्राला मनाई हाय का, ते कुणाला विचारलं न्हाई. विचारलं की न्हाईच म्हणतेत.

गौसिया


गोरेगाव
६ जानेवारी २०२५

भाभी,

हसलो नाही. उलट कपाटातून जुना चष्मा काढून पुसला. पंधरा वर्षांत मला कुणी एक्सपोजर विचारलं नव्हतं. आता विचारलंत, तर भोगा.

रीळ भरायचं अफरोजला हजारदा करताना तुम्ही पाहिलंय. कुरतडलेलं टोक कात्रीनं सरळ कापून टाका, नाहीतर अडकेल. झाकण लावल्यावर दोनदा दांडी ओढा आणि डावीकडची चकती फिरते का बघा. फिरली म्हणजे रीळ चाललं.

वेगाची चकती १२५ वर ठेवा आणि विसरून जा. भिंगावरच्या कड्यावर आकडे आहेत: ४, ५.६, ८, ११, १६. आकडा जेवढा मोठा, तेवढं भोक लहान, तेवढा उजेड कमी. एक आकडा म्हणजे एक घर. आत डोळा लावला की बाजूला सुई दिसेल. कडं फिरवून ती मधोमध आणायची, असं कॅमेऱ्याच्या पुस्तकात लिहिलंय.

ते पुस्तक चुलीत घाला. सुई म्हणजे गावचा पंच. भांडण कुणाचंही असो, निकाल मधोमध. तिला काळं रान दाखवा, ती म्हणते उजेड कमी आहे, वाढवा. मग रान राखाडी. तिला कापूस दाखवा, ती म्हणते उजेड फार झाला, आवरा. मग कापूस पण राखाडी. तिला जगात काळं नको आणि पांढरं नको.

म्हणून काळ्या रानाकडे बघून सुई मधोमध आणा आणि मग कडं दोन घरं बंद करा. ८ आलं असेल तर १६. धुकं किंवा कापूस असेल तर उलट, दीड-दोन घरं उघडा. दुपारी काढू नका, दुपारी शेताला नाकडोळे नसतात. सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात, ऊन बाजूनं येत असताना काढा, म्हणजे ढेकळांच्या सावल्या पडतात. प्रत्येक फोटो वहीत लिहा. छत्तीसच आहेत, मोबाईल नाही तो.

सोमेश्वर


शिरड शहापूर
२ फेब्रुवारी २०२५

सोमेश्वरभाऊ,

एकोणीस झाले. पहिल्या दिवशी कॅमेरा एवढा घट्ट धरला की आफिफा म्हणली, "अम्मी, बंदूक हाय का ती?"

धुकं पडलं होतं तवा नऊ वाजेपोतर गच्चीवर होते. संतरामची विहीरच न्हाई, नुसता तिच्यावरचा खांब. दोन घरं उघडलं, तुमी म्हणल्यापरमाणं. काळ्या रानाचे आठ काढले, दरवेळी दोन घरं बंद. सुई खाली पडती तवा मला भेव वाटतं, ती ओरडून सांगती की चुकली, चुकली. मी म्हणते, गप बैस.

आमची पाण्याची टाकी काळी हाय, तिच्या बाजूला पांढरी चादर वाळू घातली अन् तो एक काढला. काळं-पांढरं दोन्ही एकात. बराबर केलं का?

आता एक विचारते, रागावू नका. येणं-जाणं "कमी" झालं होतं म्हणलात. मला ठावं हाय भाऊ. ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. लग्नघरच्या पन्नास माणसांत तुमी ह्यांचा अल्बम फेकला अन् म्हणलात, "तुझ्या फोटोत ना काळं ना पांढरं, सगळी राख." त्याच महिन्यात हे बाळापूर सोडून इकडं आले. आल्यावर डिजिटल घेतलं, पैसे बी कमावले, पण ते बोलणं काही पचलं न्हाई. मागच्या उन्हाळ्यात कॅमेरा काढला तवा पुसता पुसता म्हणले, "सोम्याला दाखवायचंय एकदा."

मी तुमाला दोष देऊन न्हाई राहिले. पण ते रीळ तुमाला दाखवायचं होतं, एवढं तुमाला माहीत असावं.

गौसिया


गोरेगाव
११ फेब्रुवारी २०२५

भाभी,

व्हय. म्हणलो होतो. माझ्या जिभेला हाड नाही, गोजर आयुष्यभर हेच सांगत गेली. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं मला जेवायला वाढलं नाही. "जा, अफरोजभाऊंची माफी मागून या, मग ताट." मी बाहेर भजी खाल्ली, पण गेलो नाही.

खरं सांगू? अल्बम वाईट नव्हता. लग्नात माणूस जपूनच काढतो, नवरी काळी दिसली तर मार कोण खाणार? मला राग वेगळाच होता. लोक त्याला "अफरोजभाई, अफरोजभाई" करत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. बारा वर्षं रोज वाटायचं, उद्या जाऊ शिरडला. गोरेगावहून हिंगोली, हिंगोलीहून शिरड, दोन जीपांचा तर प्रश्न. आता जाऊन काय करू?

ते रीळ मला दाखवायचं होतं, हे तुम्ही लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, लिहिलंत ते चांगलं केलं.

पिशवीत लाल काच असेल, भिंगावर फिरवून बसवायची. संतरामची हळद उकडून वाळत पडली असेल आता. लाल काचेतून काढा. निळं आभाळ काळवंडेल आणि हळद पांढरीशुभ्र येईल. पिवळं कुठं गेलं म्हणून घाबरू नका. बाकी सुईशी भांडण चालू ठेवा.

सोमेश्वर


शिरड शहापूर
२७ फेब्रुवारी २०२५

सोमेश्वरभाऊ,

छत्तीस झाले. कय्युमच्या हातानं रीळ रजिस्टर पोस्टानं पाठवते. जीभ सगळी आत घेतलीय, गिऱ्हाइकावाणी.

शेवटचा फोटो हळदीचा हाय, लाल काचेतून. नंतर बघाया काहीच उरलं न्हाई, तर हात मोकळे मोकळे वाटाया लागले. ह्यांचं रीळ तर गेलंच, मी आता शोधत न्हाई. पण ह्यांच्यावाणी उभी राहिले, ह्यांच्यावाणी एक डोळा मिटला. तेवढ्यावर भागवते.

रमजान लागून राहिला. इफ्तारला आमी दोघीच असणार, अन् ताट मात्र अजून तीन निघतात. लवकर धुवा.

गौसिया


गोरेगाव
२२ मार्च २०२५

गौसियाभाभी,

तुमची दोन पोस्टकार्डं आली. उत्तर दिलं नाही, कारण हिंमत होत नव्हती. रीळ ८ तारखेलाच धुतलं. आता लिहितो, शेवटपर्यंत वाचा.

औषधातून रीळ काढून उजेडात धरलं तर प्रत्येक फोटोत दोन फोटो. एकावर एक. तुमची विहीर आहे आणि तिच्या पोटातून भलताच बांध गेलाय. आधी वाटलं, तुम्ही दांडी ओढायला विसरलात. पण एखादा नाही, सगळे छत्तीस तसे. म्हणजे हे रीळ कॅमेऱ्यातून दोनदा गेलंय. मग तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली आणि २८ डिसेंबरच्या पत्रात ते सापडलं.

तो उंदीर नव्हता भाभी. ते अफरोजचे दात होते.

बाळापूरला आम्ही आमचं रीळ कधी पूर्ण आत गुंडाळत नव्हतो. जीभ बाहेर ठेवायचो, म्हणजे अंधारात धुवायच्या डब्यात भरायला सोपं जातं. आणि कोऱ्यात मिसळू नये म्हणून टोक दातानं चावून ठेवायचो. ती खूण आम्हां दोघांनाच माहीत. गिऱ्हाईक तसं करत नाही, म्हणून तुम्हाला ती कळायचं कारण नव्हतं. मला कळायला पाहिजे होती. तुम्ही मला शब्दाशब्दानं लिहिलं होतं, आणि मी शहाणा, मास्तरकीच्या नादात तुम्हाला कात्रीनं कापा म्हणून कळवलं. तुम्ही जे रीळ शोधत होता त्याच्यावरच मी तुम्हाला फोटो काढायला लावले. चूक माझी आहे, पूर्ण माझी. तुमच्या मनाला लावून घेऊ नका.

आता पुढचं. बहुतेक फोटो गेले. दोघांचं आभाळ एकावर एक पडलं, तिथं कागदावर नुसतं पांढरं येतं. पण पाच वाचलेत. का वाचले ते समजून घ्या. रिळावर जिथं काळं असतं तिथं काहीच उमटलेलं नसतं, जागा रिकामी असते. तुम्ही सुईशी भांडून रान काळं ठेवलंत, दोन घरं बंद करून. त्या काळ्यात अफरोजचा फोटो आलाय. सुईचं ऐकलं असतं तर राखेत राख मिसळली असती आणि हाती काही लागलं नसतं.

कडक कागदावर, जिथं गरज तिथं हाताची सावली धरून, पाचही काढलेत. एकेकाला दोन-दोन दिवस लागले. सोबत पाठवतो.

पाचही फोटोंत अफरोज वेगवेगळ्या शेतात उभा आहे, पण कॅमेरा एकाच घराकडे आहे. खाली नांगरलेलं रान, वर लांबवर घर, घरावर काळी टाकी. तुमचंच घर ना ते? टाकीजवळ एक पांढरा ठिपका आहे. मला वाटलं चादर. मग पाचही शेजारी मांडले. टाकी जागची हलत नाही. ठिपका एकदा डावीकडे आहे, एकदा उजवीकडे, एकदा पार कठड्याशी.

आणि शेवटच्या फोटोत त्याचं रान बघा. त्यावर तुमची हळद कशी लख्ख पडलीय, एकही डाग नाही. म्हणजे त्याच्या रानात काहीच उमटलं नव्हतं, ते खरं काळं होतं. त्यानंही दोन घरं बंद केली होती. हरलो मी. त्याला सांगायला आता माणूस नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

सोमेश्वर


शिरड शहापूर
६ एप्रिल २०२५

सोमेश्वरभाऊ,

ईद मुबारक. इद्दत अठरा मार्चला सुटली, पण बाहेर कुठं जाऊ कळंना, म्हणून घरातच होते. मंग तुमचं पाकीट आलं.

पहिले दोन दिवस तुमच्यावर जळले. माझ्यावर बी जळले. एकतीस फोटो आपण दोघांनी मिळून खाल्ले ह्यांचे. तुमी म्हणता मनाला लावून घेऊ नका, ते काय आपल्या हातात असतं? पण पाच हायेत. पाच म्हणजे न्हाई पेक्षा लई झाले.

परवा जुम्मा होता. नमाजची वेळ झाल्यावर आफिफाला म्हणलं, माझी पांढरी ओढणी घे अन् गच्चीवर टाकीजवळ उभी राह्य. ती म्हणली, काहून? म्हणलं, तू उभी राह्य, बाकी मी बघते. अन् फोटो घेऊन निघाले. पाच महिन्यांनी ढेकळात पाय पडला, तर चालता येईना, बांध ओलांडताना संतरामच्या घरवालीनं हात दिला. फोटोतली विहीर, बाभळ, खांब असं जुळवत जुळवत ह्यांच्या जागेवर उभी राहिले अन् घराकडं तोंड केलं.

तो ठिपका मीच हाय भाऊ. ओढणी तशीच दिसती, बोटाच्या पेरापेक्षा बारीक.

मी तिथंच बांधावर बसले अन् रडले. मयतीला बी एवढी रडले न्हवते, तवा माणसं होती भोवती. सहा महिने दर जुम्म्याला मी त्या गच्चीवर ह्यांच्या नावानं बोटं मोडून राहिले होते, की मला एकटीला टाकून गेला हा माणूस. अन् हा समोरच उभा! एवढ्या लांब येऊन बघायचं तर घरात काहून न्हाई बघितलं? एक हाक मारली असती. मी निदान हात तरी केला असता.

कॅमेरा विकू दिला न्हाई. तुमी या. कानाचं मशीन घालून या, मला पत्रात रागावता येत न्हाई नीट. गोजरवहिनी ताट देत न्हवत्या, मी देईन. पण आधी ह्यांच्या कबरीवर जाऊन, मला सांगितलं ते त्यांनाच सांगा. येताना कोरं रीळ आणा, अन् संपलं की जीभ मी चावणार.

एक राहिलंच. उठताना मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी बांधावरून गच्चीकडं हात केला. चांगला उंच करून हालवला. आफिफाला वाटलं मी बोलावून राहिले. ती तशीच पळत खाली आली. मंग लई वेळ मी हात वर करून उभी होते, अन् गच्चीवर नुसती टाकी.

गौसिया